तीन पाचरी

सारंग आधी मारायचा आणि मग नाव विचारायचा. गिरणीत नवा हमाल आला, पोतं पाठीवर घेताना डगमगला, की त्याच्या कानाखाली एक बसायची. तो गाल चोळत उभा राहिला की सारंग शांतपणे विचारायचा, "कोनाचा रं तू? गाव कंचं?" गाव कळलं की तिथल्या दोन-चार म्हाताऱ्यांची चौकशी करायचा आणि आपल्या डबीतली तंबाखू त्याच्यापुढं धरायचा. हमाल गोंधळून जायचे. मार खाल्ल्याचा राग धरावा की तंबाखू घ्यावी? बहुतेक जण तंबाखू घेत.

अशी माणसं तुमच्याही बाजारात असतील. लोक त्यांच्याबद्दल म्हणतात, हात वाईट पण मन चांगलं. मी तसं म्हणणार नाही. त्याचा हात वाईट होता हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मनात काय आहे ते कळायला पंधरा-सोळा वर्षं गेली.

कर्जतच्या भातगिरणीत तो हमालांचा मुकादम होता. मी तिथं भात वाळवायला आणि पाखडायला होते. तो बुटका, मानेला जाड, उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून नाहीत. बोटं जहाजाच्या यंत्रात गेली असं सगळे समजत. मूळचं घराणं किनाऱ्याकडचं, मुसलमानाचं, पण दोन पिढ्या खालापुराकडं राहिलेलं. बोलणं आमच्यासारखंच. तरणेपणी तो आगबोटींवर होता. खलाश्यांच्या टोळीचा जो म्होरक्या, त्याला सारंग म्हणतात. बोट सुटली तरी नाव सुटलं नाही. गिरणीत भांडण लागलं की तो दोघांनाही बडवायचा आणि म्हणायचा, "लढाई कोनाची, बंदर कोनाचं, आन् मार कोनाला!" आम्ही हसायचो. त्याचा अर्थ कोणी विचारला नाही.

बायांवर त्यानं कधी हात टाकला नाही. शिव्या द्यायचा, आम्हीही द्यायचो. मला मात्र तो शिवीही देत नसे. त्याचं कारण माझा भाऊ दामू.

दामूला बोटीवर त्यानंच नेलं होतं. सारंग आपली टोळी आपल्याच मुलखातून जमवतो. अनोळखी माणूस घेत नाही, कारण समुद्रावर अनोळखी माणसाला धाकात ठेवता येत नाही. आणि त्यांच्यात रीत होती, की पोरगा नेताना सारंगानं त्याच्या आईच्या हातचं मीठ खायचं. म्हणजे पोरगा परत आणायची जबाबदारी त्याची. तो आमच्या ओटीवर आला तेव्हा आईनं मीठ वरूनच त्याच्या तळहातावर सोडलं, हाताला हात लागू दिला नाही. पाणी दिलं ते गोठ्यातल्या तांब्यातून. तेव्हा असंच होतं. त्यानं मीठ जिभेवर घेतलं, पाणी प्याला आणि म्हणाला, "आये, जसा नेतो तसा आनून देतो." दामू एकोणीस वर्षांचा होता. मी पंधराची. आपला देश मोकळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील.

वर्षभरानं सारंग एकटा आला. आईला म्हणाला, दामू तापानं गेला. त्याच टोळीतला एक खलाशी खोपोलीला भेटला, तो म्हणाला, शिडीवरून पडून गेला.

आई तेव्हा माझ्याबरोबर गिरणीतच काम करायची. सारंग बोट सोडून तिथं मुकादम म्हणून लागला, त्याच आठवड्यात ती मुसळ घेऊन त्याच्यापुढं उभी राहिली. "तापानं मेला का पडून मेला? येक काय ते सांग."

तो पोत्याचं तोंड शिवत राहिला.

"जीभ बी बोटावानी तुटली काय रं?"

आईनं मुसळ त्याच्या डोक्यात घातलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्याला तो गुडघ्यावर आला. कपाळाचं रक्त खालच्या तांदळावर पडलं. हमाल धावले तर हा खालूनच ओरडला, "म्हातारीला कोनी हात लावायचा नाय! लावंल त्याचा हात उपटीन!" मालकानं रक्ताचे तांदूळ कोंबड्यांना घातले. आई मुसळ टाकून निघून गेली. जिथं तो आहे त्या गिरणीत पुन्हा पाऊल टाकणार नाही म्हणाली, आणि टाकलं नाही. मी राहिले. दोघींनी घरी बसून चाललं नसतं.

आई बाजाराच्या रस्त्यावर भाजी घेऊन बसू लागली. गिरणीतून निघायला दुसरी वाट होती, पण सारंग रोज तिच्याच समोरून जायचा. ती हाताला येईल ते मारायची. कधी वांगं, कधी तागडीतलं वजन. वजन नडगीवर बसलं की तो लंगडत वाकायचा, ते उचलायचा, तिच्यापुढं नीट ठेवायचा आणि चालू लागायचा. एकदा अख्खा शेर कानावर बसला, त्या कानानं त्याला पुढं कमी ऐकू यायचं. शेजारच्या भाजीवाल्या हसत. एक म्हणायची, "अगो, ग्येला बग तुजा जावाय, हान!" आई हसत नसे. ती नेम धरत असायची. ती मारायची ते खोटं बोलल्याबद्दल. खरं काय ते तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं.

मधल्या काळात माझं लग्न झालं, कशेळ्याकडं दिलं. नवरा झाडावरून पडून मेला. मी परत आले आणि पुन्हा त्याच गिरणीत पाखडायला बसले. आई तशीच रस्त्यावर होती, सारंग तसाच समोरून जात होता.

मग कोंड्याच्या खोलीची गोष्ट झाली. गिरणीच्या मागं एक खोली होती, तिच्यात भाताचा कोंडा साठवत. खिडकी नाही, एक दार. दोघा दांडग्या हमालांनी तिसऱ्याला गंमत म्हणून आत लोटलं आणि बाहेरून कडी घातली. चैत्रातली दुपार. आतला माणूस आधी हसला, मग शिव्या दिल्या, मग दार बडवायला लागला. कोंडा उडून त्याच्या नाकातोंडात जात असणार, कारण मधूनच खोकून गुदमरल्याचा आवाज येई. कडी घालणारे पोट धरून हसत होते.

सारंग आला तो धावतच. कडी काढायचंही त्याला सुचलं नाही, पहारीनं कडीकोयंडा उपटून काढला. आतला माणूस बाहेर पडून ओकला. मग सारंग त्या दोघांकडं वळला. मी त्याला पुष्कळदा मारताना पाहिलं होतं, असं नव्हतं पाहिलं. एकाचे पुढचे दात तिथंच पडले. दुसऱ्याचा हात त्यानं उंबऱ्यावर ठेवून वरून पाय दिला, हाड मोडल्याचा आवाज आम्हा बायांपर्यंत आला. चौघांनी मिळून त्याला ओढला. तेव्हा तो थांबला आणि खोलीच्या भिंतीला टेकून बसला.

मी पाणी घेऊन गेले. तो आत बघत होता, त्या अंधाऱ्या खोलीत. मला एकदम वाटलं आणि मी विचारलं, "दामूला कुटं कोंडला व्हता?"

त्यानं तांब्या खाली ठेवला. "दामूला नाय कोंडला, बाय. दामू उघडीत व्हता."

मग त्यानं सांगितलं. एकसारखं नाही, मागचं पुढं करत, पण मी विचारून विचारून नीट लावून घेतलं. ते असं.

एका गोऱ्या सरकारची पूर्वेकडं लढाई चालली होती. त्यांच्या हाताखाली बरेच मुलूख होते. एका मुलखातली काळी माणसं शिपाई म्हणून उचलायची आणि दुसऱ्या मुलखातल्या लोकांना मारायला न्यायची, असा कारभार. वाटेत एक बंदर लागायचं. त्या बंदराच्या सरकारची ही लढाई नव्हती. त्यानं दोन्ही बाजूंना बजावलं होतं, की माझ्या बंदरातून शिपाई आणि दारूगोळा जायचा नाही. पण मोठ्या बोटीतून लहान बोटीत माणसं तिथंच बदलावी लागत. म्हणून शिपायांना मजुरांचे निळे सदरे घालायचे, कागदावर मळ्यावरचे मजूर लिहायचे, आणि बंदुकांच्या पेट्यांवर शेतीची अवजारं लिहून त्या कांद्याच्या पोत्यांखाली दडवायच्या. सारंगाची बोट तिसऱ्याच देशाचं निशाण लावून हे काम करी.

पहिल्या खेपेला घोळ झाला. सदरे मजुरांचे, पण चाल शिपायांची. धक्क्यावर उतरले की आपोआप सगळ्यांचे पाय एका ठेक्यात पडायला लागले. बंदरावरची माणसं बघायला लागली. सारंग ओरडतोय, "पाय चुकवा रं! पाय चुकवा!" त्यांना कुठं कळायला? तेव्हा दामू रांगेच्या पुढं गेला आणि बदकासारखा फेंगडा चालायला लागला. मध्येच लंगडायचा, मध्येच दोन पावलं मागं. शिपाई हसायला लागले आणि हसता हसता त्यांचे पाय चुकले. त्या दिवसापासून दामू त्यांचा लाडका. दुसऱ्या खेपेलाही तोच पुढं. त्यांच्यातला एक जण त्याला आपली बिडी अर्धी ओढून द्यायचा, आणि दामूला त्यांच्या बोलीतले पाच-सहा शब्द येत होते.

तिसऱ्या खेपेला कागदावर होती त्यापेक्षा माणसं जास्त आणली. बोट बंदरात लागली आणि बंदराचे अंमलदार न कळवता तपासायला आले. कप्तानानं जादा माणसं जहाजाच्या पोटातल्या खणात उतरवायला लावली. सत्तर-ऐंशी असतील. खणाच्या तोंडावर फळ्या टाकल्या, वर ताडपत्री, आणि ताडपत्रीच्या कडांना लाकडी पाचरी ठोकल्या. दहा पाचरी. अर्ध्या तासाचं काम म्हणाले. त्यांच्यात शिस्त अशी, की सारंगाची शिट्टी झाल्याखेरीज एकही पाचर हलवायची नाही. जहाज बुडत असलं तरी नाही.

कप्तानानं अंमलदारांना जेवायला बसवलं. ते जेवत राहिले. ऊन असं की लोखंडावर पाय ठरत नव्हता. तासाभरानं खालून ठोकायला लागले. कप्तानानं निरोप पाठवला, विंच चालू करा, म्हणजे ठोकण्याचा आवाज दबेल. सारंगानं सामान चढवायचा तो विंच मोकळाच फिरवत ठेवला. पाचरींपाशी दामू उभा होता, हातात लाकडी मोगरी. विंचच्या आवाजातसुद्धा त्याला ऐकू जात असणार, कारण तो फळीवर उभा होता, ठोकणं त्याच्या तळपायाला लागत होतं. खालून कोणीतरी त्याला हाक मारत होतं. नाव घेऊन.

दामू म्हणाला, "सारंग, शिट्टी मार."

"थांब."

"मरतील रं ते."

"मी सांगंन तवा."

दामूनं मोगरी उचलली आणि एक पाचर उडवली. मग दुसरी. मग तिसरी. जेवणाच्या खोलीचं दार तिथून वीस पावलांवर होतं. सारंग धावला, मोगरी त्याच्या हातातून ओढली आणि त्याच मोगरीनं त्याच्या डोक्यात हाणली. एकदाच. दामू फळीवरच पडला. सारंगानं त्याच मोगरीनं तिन्ही पाचरी परत ठोकल्या. दामू मेलाय हे तेव्हा त्याला कळलं नव्हतं, असं त्यानं मला सांगितलं. मला ते खरं वाटलं. नवा माणूस चुकला की मारायचा, ही त्याची सवय. त्यापेक्षा जास्त विचार त्यानं केला नसणार.

अंमलदार गेले आणि खण उघडला, तेव्हा पाच तास झाले होते. सारंगानं पहिल्या माणसाला वर घ्यायला हात खाली घातला. त्या माणसानं तो हात धरला आणि दोन बोटं दातांनी तोडली. मागचे वर आले त्यांनी विंच चालवणाऱ्याला ओढून उघड्या खणात ढकलला, त्याची कंबर मोडली. मग शिपायांबरोबरच्या गोऱ्यांनी बंदुका काढल्या आणि दोघांना तिथंच मारलं. खणातून एकोणीस मेलेले निघाले. बंदर मागं टाकल्यावर सगळ्यांना पिठाच्या पोत्यांत शिवून समुद्रात टाकलं. दामूही त्याच रांगेत. कप्तानानं वहीत लिहिलं, खलाशी शिडीवरून पडला. सारंगानं खाली अंगठा उठवला.

सांगून झाल्यावर तो माझ्याकडं बघत राहिला. शेजारी पहार पडली होती. ती मी उचलावी असं त्याला वाटत होतं, हे मला दिसत होतं. मी म्हणाले, "हे आयेला तुज्या तोंडानं सांग. मी सांगनार नाय."

"ती ऐकंल?"

"तू सांगून तर बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या ओटीपुढं आला. वर चढला नाही, अंगणातच बसला. आई शेंगा निवडत होती. त्याला बघताच तिनं मुसळाकडं हात नेला. तो म्हणाला, "आये, ताप नाय आन् शिडी नाय. मी मारला." आणि सगळं सांगितलं. आई मुसळ मांडीवर आडवं धरून ऐकत होती.

ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "किती पाचरी काडल्या त्यानं?"

"तीन."

"व्हत्या किती?"

"धा."

"तू परत ठोकल्यास?"

"व्हय."

आईनं मुसळ भिंतीला उभं केलं. तो मान खाली घालून वाट बघत होता. शेवटी म्हणाला, "मार की, आये."

"जा."

"आये..."

"जा म्हनलं ना. माज्या शेंगा निवडायच्या ऱ्हायल्यात."

त्या दिवसापासून आईनं त्याला मारणं सोडलं. तो रोज समोरून जायचा, हळू चालायचा. ती गिऱ्हाइकाशी बोलायची. एकदा तर तो तिच्या टोपलीपुढं उभाच राहिला, तर तिनं भाव सांगितला. वांग्यांचा भाव, कोणाही माणसाला सांगावा तसा. त्यानं वांगी घेतली नाहीत, गिरणीत येऊन एका हमालाला विनाकारण फोडून काढलं.

मला म्हणाला, "बाय, म्हातारी मारत नाय आता."

"मंग?"

"तिला सांग की."

"काय सांगू? मार म्हनून? ती काय तुजी चाकर हाय?"

त्याची मला दया आली का? नाही. पण आईनं बरोबर काय शोधून काढलं होतं ते मला तेव्हा कळलं. पोलिसात जाऊन काही झालं नसतं. परक्या बोटीवर, परक्या बंदरात मेलेला माणूस इथं कोण लिहून घेणार होतं? त्याला न मारणं, आईच्या हातात एवढंच होतं आणि ते तिनं केलं. चार वर्षं केलं.

मग आई गेली. जाण्याआधी तिनं माझ्या दोन चुलतभावांना सगळं सांगून ठेवलं होतं. विस्तवाचं मडकं धरायला मुलगा नव्हता, म्हणून मी धरलं. बाईनं धरलं म्हणून चार जण कुरकुरले, पण तिच्या पोटचं दुसरं कोण होतं ते कोणी सांगेना. उल्हास नदीच्या काठी पोचलो तर सारंग आधीच तिथं. गिरणीच्या हातगाडीवर लाकडं घालून एकट्यानं ओढत आणली होती. न विचारता उतरवत होता.

चुलतभावांनी त्याचं एक लाकूड उचललं आणि त्यालाच घातलं. पाठीत, मग डोक्यात. दुसऱ्यानं गुडघ्यावर. त्यानं हात वर केले नाहीत. तोंडावर रक्त आलं तेव्हा त्यानं माझ्याकडं पाहिलं. थांबव म्हणत नव्हता. बरं वाटल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं, आणि तेच मला सहन झालं नाही. माझ्या हातात मडकं होतं, तोंड मोकळं होतं. तरी मी ताबडतोब बोलले नाही. गुडघा फुटल्याचा आवाज आला, तो वाळूत पडला, तेव्हा मी म्हणाले, "बास करा. ऊन चडतंय, आयेला ताटकळत ठेवू नका."

त्याची लाकडं आम्ही वापरली नाहीत. चिता पेटली तेव्हा तो वाळूत बसूनच होता. निघालो तेव्हाही होता. मी मागं वळून पाहिलं नाही, हे दुसऱ्यांनी सांगितलं.

तो गिरणीत परत आला नाही. भाच्यांनी साजगावला नेला असं कोणी म्हणे, कोणी म्हणे किनाऱ्याकडं. मी विचारत बसले नाही. मालकानं महिनाभर वाट पाहिली आणि दुसरा मुकादम ठेवला.

सारंगानं लावलेली एक थप्पी कोठारात राहिली होती, दोनशे पोत्यांची. ती काढायला हमाल लागले तर पोतं निघेना. बोट कलली तरी माल हलू नये अशी त्यानं पोती एकमेकांत अडकवली होती, आडवं, उभं, कोपऱ्यात तिरकं. हमाल त्याच्या नावानं शिव्या घालत होते. नवा मुकादम म्हणाला, "असली थप्पी जमिनीवर कशाला रं लावायची?" एकेक पोतं हुकानं उकरून काढावं लागलं. तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सगळ्यात खालची रांग निघाली. खालची जमीन कोरडी होती, एक दाणा सांडला नव्हता. मला झाडायला बोलावलं होतं. झाडण्यासारखं काही नव्हतं, तरी मी झाडलं.